हजार सीसी आणि सुमनवहिनींचा पाट

माझ्या दुकानात दोन गोष्टी साठत राहतात, फोमचे तुकडे आणि किस्से. फोमच्या तुकड्यांचं बरं असतं, त्यांच्या उशा तरी करता येतात. किश्श्यांचं काय करायचं? एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर येतो, आणि समोरचा म्हणतो, "सुधाकर, हे तू बनवून सांगतोस." बनवायला डोकं लागतं हो. आमच्या लोकांनी माझ्यावर ती वेळ कधी येऊच दिली नाही.

माजलगावात मोटारसायकलच्या सीटा शिवायचं माझं दुकान आहे. फोम बदलायचा, कव्हर टाकायचं, उंच सीट खाली आणायची, बसकी सीट वर घ्यायची. बावीस वर्षं झाली. लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, मी बैठकीवरून ओळखतो. कोण वाकडा बसतो, कुणाचा भार कुठल्या अंगाला पडतो, हे सीट उघडली की मला दिसतं. तालुक्यातल्या भल्याभल्यांची ही माहिती माझ्याकडे आहे, पण मी कधी गैरफायदा घेतला नाही!

तर आमच्यातल्या तिघांना एकाच साली एकच वेड लागलं. दिंद्रुडचे आबासाहेब, म्हणजे ऊसवाले मोठे बागायतदार, वजन एकशे दहा किलो, यांनी हजार सीसीची जपानी गाडी आणली. ते बघून आमच्या दातांच्या डॉक्टरांनी जर्मन आणली. ते बघून तलवाड्याच्या बाळासाहेबांनी इटालियन आणली. बाळासाहेब काय करतात ते विचारू नका, प्रत्येक निवडणुकीआधी ते 'भावी' असतात.

या गाड्यांना स्पोर्ट टूरिंग म्हणतात. म्हणजे रेसच्या गाडीसारखी पळणार आणि दिवसभर चालवली तरी पाठ दुखणार नाही, असं कंपनीचं म्हणणं. कंपनीला कुठे माजलगावहून बीडला जायचंय!

दर रविवारी सकाळी तिघं माझ्या दुकानापुढं गाड्या लावतात. मग कुणाची जास्त आरामाची आणि कुणाची जास्त ऐव्हरेज देते, यावर चार चहा होईपर्यंत भांडण. माझी शंभर सीसीची आहे. तिला ते गाडी म्हणत नाहीत, 'तुझं ते' म्हणतात.

* * *

आबासाहेबांची गाडी गुढीपाडव्याला दिंद्रुडात आली. हार झाला, नारळ झाला, चाकाखाली लिंबू झालं. सगळं गाव गोळा झालेलं. गर्दीतून गावातले जुने शेतकरी किसनतात्या पुढे आले. त्यांनी गाडीला हात लावून पाहिला.

"ऐव्हरेज काय देती?"

आबासाहेब म्हणाले, "हजार सीसी हाय, तात्या."

"ते कळलं. ऐव्हरेज?"

"एकशे चाळीस घोड्यांची ताकद हाय."

"घोडे असू द्या. ऐव्हरेज?"

आबासाहेबांनी घसा साफ केला आणि हळूच म्हणाले, "सतरा."

दोघातिघांनी कुणी गेल्यासारख्या टोप्या काढल्या. तात्या गाडीभोवती एक चक्कर मारून मागे गेले, वाकून बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"काय बघताव तात्या?"

"न्हाई, नांगूर कुठं जोडायचा ते बघतो."

लोक पोट धरून हसले. एकट्या सुमनवहिनी हसल्या नाहीत. वहिनी म्हणजे आबासाहेबांची बायको. ओवाळून झालं होतं, ताट अजून हातातच होतं. गाडी आणण्याआधी आबासाहेबांनी चार शोरूम पाहिले, डॉक्टरांना विचारलं, मला विचारलं, ड्रायव्हरलासुद्धा विचारलं. राहिल्या फक्त वहिनी.

त्यांनी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत बोलल्या, "सत्तावीस वर्षं झाली लग्नाला. जीप आणली, पुढं कार्यकर्ते बसले, मी मागं. कार आणली, पुढं पाव्हणे बसले, मी मागं. आता ही आणली. हिला तर मागंबी जागा न्हाई!"

"हाय की! ती काय." आबासाहेबांनी मागच्या सीटवर थाप मारली.

वहिनींनी ती वीतभर सीट निरखली. "ह्याच्यावर तांब्या ठिवला तर कलंडंल. ऐका आता. भाऊबीजेला मला हिच्यावर आष्टीला माहेरी न्यायचं. तुमीच न्यायचं. हितं बसले की थेट आष्टीत उतरीन. मधी उतरावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी गाडी इकायची."

दिंद्रुड ते आष्टी म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. आबासाहेब एवढ्या लोकांत काय बोलणार? म्हणाले, "कबूल."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दारात हजर. "सुदाकर, काई कर, पर ही गाडी ऱ्हाऊ दे." मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. हा माणूस उभ्या आयुष्यात कशात रमलेला मी पाहिला नव्हता. कारखाना, सोसायटी, लग्नंकार्यं, सगळीकडे नुसता हात जोडून उभा. पण गाडीवरची धूळ उपरण्याने पुसताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आणि वहिनींचंही अगदी बरोबर होतं. दोघंही बरोबर असले की मधल्या कारागिराचं मरण असतं.

* * *

पहिली अडचण साडीची. वहिनी एका बाजूला बसणार. आपल्याकडच्या साध्या गाडीला साडी गार्ड असतं, पदर चाकात जात नाही. या गाडीला सगळं काही आहे, घसरू नये म्हणून कॉम्प्युटर आहे, मोबाईल जोडायला सोय आहे, साडी गार्ड नाही. जपानमध्ये सासुरवाशिणी माहेरी कशा जातात कोण जाणे!

आबासाहेबांनी गाडी थेट ट्रॉल्यांना वेल्डिंग करणाऱ्याकडे नेली. त्याने ट्रॉलीच्या उरलेल्या पट्टीचं असं गार्ड ठोकून दिलं की त्यावर बैल टेकला तरी वाकणार नाही. वर पाय ठेवायला फळी, आणि हौसेने दोन मोर काढले.

पहिल्या सर्व्हिसिंगला गाडी शोरूमला गेली. मी सोबत होतो. तिथला इंजिनिअर गाडीपाशी आला, मोरांकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसला. मग पाणी पिऊन म्हणाला, "साहेब, वेल्डिंग केलंय तुम्ही. वॉरंटी गेली."

आबासाहेब शांतपणे म्हणाले, "वॉरंटी गेली तर जाऊ द्या. घरवाली गेली तर ती कुठं मिळती?"

इंजिनिअरचं नुकतंच लग्न ठरलं होतं म्हणे. त्याने मोरांना पॉलिश करून दिलं.

* * *

आता डॉक्टर. डॉक्टरांचं शिक्षण पुण्यात झालं, त्यामुळे ते मॅन्युअल वाचतात अशी आमची समजूत होती.

मे महिन्यात ते भर दुपारी बीडहून माजलगावला निघाले. ऊन असं की डांबर चाकाला चिकटत होतं. त्यांच्या जर्मन गाडीला एक बटण आहे, त्यावर सीटचं चित्र आणि वर तीन लाटा. डॉक्टरांना वाटलं, वाऱ्याच्या लाटा. एवढी महागडी गाडी, सीट थंड करत असेल. दाबलं.

खालून जरा ऊब आली. डॉक्टरांनी विचार केला, कूलरसुद्धा वाळा ओला होईपर्यंत गरमच हवा फेकतो. पुन्हा दाबलं. ऊब वाढली. म्हणजे मशीन कामाला लागलंय! तिसऱ्यांदा दाबलं.

ती सीट गरम करायची सोय होती. बर्फातल्या लोकांसाठी. तीन नंबरवर.

शेवटचे दहा किलोमीटर डॉक्टर उभ्याने आले. वाटेतल्या गावांत लोकांना वाटलं, एवढा मोठा माणूस आपल्याला बघून उभा राहतोय. तेही बिचारे उठून हात जोडत होते.

दुकानात आले तर चेहरा लालबुंद. मी स्टूल पुढे केलं. "बसा डॉक्टर."

"नको."

"अहो, बसा तरी."

"नको म्हटलं ना!"

आबासाहेब तिथेच होते. मागच्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांची दाढ काढली होती, आणि आमचे डॉक्टर भूल चढायची वाट बघत नाहीत, ही त्यांची ख्याती आहे. आबासाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी त्यांच्याच आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं कळ काढा. काही होत नाही."

* * *

बाळासाहेबांच्या इटालियन गाडीला मोड आहेत, म्हणजे बटण दाबलं की गाडीची चालायची तऱ्हा बदलते. स्पोर्ट, टूरिंग आणि रेन. बाळासाहेब गाडी चालवतात कमी आणि दाखवतात जास्त. तलवाड्याच्या चौकात गाडी डबल स्टँडवर लावायची, चालू करायची आणि लोकांना मोड समजावून सांगायचे, असा त्यांचा जनसंपर्क चालतो. उभ्या जागी दीड लिटर पेट्रोल जाळून ते म्हणतात, "हिला ऐव्हरेज कमी हाय." चाकाने एक फेरा घेतला तर ऐव्हरेज पडेल ना!

जुलैमध्ये तीन आठवडे पावसाची उघडीप. कापूस माना टाकून उभा. लोक चौकात नुसते आभाळाकडे बघत बसलेले. अशा वेळी यांचं लेक्चर सुरू.

"हे दाबलं की स्पोर्ट. हे टूरिंग. आन हे दाबलं की रेन."

"म्हंजे काय व्हतंय?" कुणीतरी विचारलं.

"म्हंजे पावसाचं सेटिंग."

खुरपणीहून आलेल्या सखूकाकू डोक्यावरचं गवत तसंच घेऊन थांबल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तीन आठवडे झाले पिकं जळायलीत, आन तू बटन घेऊन फिरतो व्हय? आतापस्तोर कावून दाबलं न्हाई? दाब की मुडद्या!"

'भावी' माणसाला चौकात नाही म्हणता येत नाही. बाळासाहेबांनी दाबलं.

खोटं सांगत नाही, चौकातल्या सगळ्यांनी वर बघितलं.

* * *

गणपतीनंतर ऐव्हरेजचं भांडण फार पेटलं. डॉक्टर म्हणत बावीस, आबासाहेब म्हणत एकोणीस, बाळासाहेब पंचवीसच्या खाली यायला तयार नव्हते. शेवटी ठरलं, माजलगाव ते बीड आणि परत. तिघांनीही टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडी हलवून हवेचा बुडबुडा काढायचा, पुन्हा भरायची, आणि परत आल्यावर त्याच पंपावर किती बसतं ते बघायचं. पंच म्हणून मागे मी, 'माझं ते' घेऊन.

निघाल्याबरोबर प्रत्येकाच्या डोक्यात एकच, हळू चालवली की ऐव्हरेज वाढते. डॉक्टर टाकीवर पालथे झोपले, वारा लागू नये म्हणून. बाळासाहेब उतार दिसला की इंजिन बंद करत होते. आबासाहेबांनी वजन कमी व्हावं म्हणून सकाळची न्याहारी सोडली होती. एकशे दहातून दोन भाकरी गेल्या तर राहिलेच किती!

तीन गाड्या मिळून चारशे घोडे रस्त्यावर आणि वेग तीस. आम्हाला आधी एक रिक्षा ओलांडून गेली. मग कडब्याचा ट्रॅक्टर. मग सायकलवरचा एक माणूस बराच वेळ आबासाहेबांच्या बरोबरीने चालला, हवापाण्याच्या गोष्टी केल्या आणि म्हणाला, "बरं, येऊ का? जरा घाई हाय."

वडवणीच्या पुढे एका हवालदाराने चौघांनाही बाजूला घेतलं. कागद मागितले. कागद चोख. लायसन चोख. हेल्मेट, नंबरप्लेट, सगळं चोख. तरी सोडेना.

डॉक्टर चिडले. "अहो, आमची चूक काय? तिसाच्या वर गेलो नाही आम्ही!"

"तेच म्हनतो मी," हवालदार म्हणाला. "असल्या गाड्या कुनी आपल्या असल्या तर अशा चालवतंय का? खरं सांगा, कुनाच्या हायत?"

तासभर गेला. तेवढ्या वेळात बाळासाहेबांनी त्याला मोड समजावून सांगितले, इंजिन चालू ठेवून. त्यामुळे निकाल लागलाच नाही. माझ्या गाडीने अडुसष्ट दिली. मी तसं सांगितल्यावर त्या रविवारी कुणी मला चहा विचारला नाही.

* * *

दिवाळी तोंडावर आली तसा आबासाहेबांचा धीर सुटत चालला. मी दोनदा सीट केली, दोनदा वहिनींनी हाताने दाबून पाहूनच परत पाठवली. आबासाहेब म्हणाले, "आरामाची हाय का न्हाई ते बसल्याबिगर कसं कळंल?"

वहिनी म्हणाल्या, "मी बसनार ते भाऊबीजेलाच. तवर दही बसवा."

म्हणजे असं, की सकाळी दुधाला विरजण लावायचं, डबा मागच्या सीटवर बांधायचा आणि गाडी बीडला नेऊन आणायची. दही नीट लागलं, तर सीट पास. धक्के बसले की दही लागत नाही, हे पोराबाळांनासुद्धा माहीत आहे. मी बावीस वर्षं हा धंदा करतोय, मला हे सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

तुलना व्हावी म्हणून तिन्ही गाड्यांवर एकाच दुधाचे तीन डबे बांधले. कंपनीवाले करतात तशा चाचण्या आम्हालाही जमतात.

दुपारी वहिनींच्या ओट्यावर डबे उघडले. बाळासाहेबांच्या डब्यात दूधच होतं, कारण त्यांनी विरजणच लावलं नव्हतं. बीडलाही ते गेलेच नव्हते, वडवणीच्या एका ओळखीच्या घरी जाऊन पंखा लावून झोपले होते. डॉक्टरांच्या डब्यातलं दही असं घट्ट की डबा उलटा केला तरी पडेना. डॉक्टरांनी सीट एक नंबरवर गरम ठेवली होती. मे महिन्यात शिकलेलं वाया गेलं नव्हतं.

मग आबासाहेबांचा डबा. वहिनींनी झाकण काढलं. आत ताक, आणि वर लिंबाएवढा लोण्याचा गोळा.

आबासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

वहिनींनी बोटाने लोणी चाखलं. "चांगलं आलंय," त्या म्हणाल्या. "रोज सकाळी एक फेरी मारत जावा. माझा रवीचा ताप वाचंल."

* * *

आता भाऊबीजेचं सांगतो.

ताकाच्या प्रकारानंतर मी वहिनींना निरोप पाठवला की मापाशिवाय काम होणार नाही. पण बाईमाणसाच्या बैठकीचं माप मागायचं कसं? जीभ रेटेना. वहिनींना ते कळलं. त्यांनी भाकरी करताना बसायचा आपला लाकडी पाट पाठवून दिला. सोबत निरोप, 'सत्तावीस वर्षं ह्याच्यावर बसतेय, कधी पाठ दुखली न्हाई. एवढीच सीट करा.'

पाट सव्वा फूट रुंद. गाडीची मागची सीट त्याच्या निम्मी. मी आबासाहेबांना म्हटलं, "तुमच्या सीटचे चार इंच घ्यावे लागतील. फोमही तुमचाच काढून मागे घालतो, तो चांगल्या जातीचा आहे."

"घे," ते म्हणाले. "मला उभं केलंस तरी चालंल."

भाऊबीजेच्या सकाळी दिंद्रुडातून निघालो. आबासाहेब आणि वहिनी पुढे, मागे डॉक्टर आणि बाळासाहेब, सगळ्यांच्या मागे सुई-दोरा आणि जादा फोम घेऊन मी. वहिनींनी हेल्मेट घातलं होतं आणि हेल्मेटवरून पदर घेतला होता. मोरांच्या फळीवर पाय ठेवून त्या अशा बसल्या होत्या की समोर फक्त चूल तेवढी नव्हती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सीट आहे, हे मला मागून बघून कळत होतं.

आणि समोर आबासाहेब! पाट आणि टाकी यांच्या मधल्या फटीत एकशे दहा किलो. खाली फोमच्या नावाला कापड. रेसच्या गाडीसारखं हँडलवर वाकलेले. वडवणीला त्यांनी एकदा मान हलवली. बीडमध्ये खांदा हलवला. बीड मागे पडलं आणि आष्टीचा रस्ता लागला तसं त्यांचं काहीच हलेना. मग गाडी हळू झाली, कडेला आली आणि थांबली.

कसेबसे स्टँड लावून ते उतरले. उतरले खरे, पण सरळ होईनात. दोन्ही हात पुढे, कंबर वाकलेली, गाडी नसताना गाडी चालवत चार पावलं गेले आणि लिंबाखाली तसेच आडवे झाले. डॉक्टरांनी पाठ दाबली तर ओरडले. डॉक्टर म्हणाले, "दातांचं काही असतं तर बघितलं असतं."

वहिनी गाडीवरच होत्या. त्यांच्या आवाजात काळजी होती. "लई दुखतंय का ओ?"

"सुमन," आबासाहेब झोपल्या जागेवरून म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते पाठीचं का गाडीचं मला माहीत नाही. "माझ्यानं आता व्हत न्हाई. उतर तू. उद्या गाडी इकू."

वहिनींनी फक्त खाली पाय सोडायचा होता. गुढीपाडव्यापासून त्या ज्याची वाट बघत होत्या, ते घडलं होतं.

"मी म्हनलं का उतरते म्हनून?" वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर पुढे झाले. "वहिनी, मी चालवतो गाडी. तुम्ही बसून राहा."

"ह्यांच्यासंगं जायचं ठरलंय. तुमच्यासंगं न्हाई."

बाळासाहेबांनी फोन काढला. "मंग माझी कार बोलवतो."

"कारमदी बसायला मला उतरावं लागंल की."

मी म्हटलं, "वहिनी, मग करायचं काय?"

"ते तुमी बघा. मी बसले हाय."

आणि त्या खरंच बसल्या. मांडीवरची भाऊबीजेच्या ताटाची पिशवी नीट केली आणि रस्ता बघत राहिल्या. पाऊण तास! येणारेजाणारे थांबून बघत होते. एकाने मला विचारलं, शूटिंग आहे का.

तेवढ्यात ऊसतोडीच्या टोळीचा टेम्पो आला. आठ-दहा माणसं होती, आष्टीकडची उरलेली माणसं घ्यायला चालली होती. मुकादमाने गाडी बघितली, आबासाहेबांना बघितलं. "चढवू की," तो म्हणाला. "बाईला तेवढं उतरायला सांगा."

"बाई उतरनार न्हाई," वहिनी वरूनच म्हणाल्या.

मुकादम डोकं खाजवायला लागला. टोळीतली एक बाई कमरेला पदर खोचत पुढे आली. "अवो, त्यात काय एवढं? मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रक भरतो आपण. ह्या काय मोळीपेक्षा अवघड हायत का?"

त्यांची ऊस चढवायची फळी टेम्पोत होतीच. ती लावली. चौघं या बाजूने, चौघं त्या बाजूने, मागून आम्ही तिघं. कुणीतरी 'हां, रेटा!' म्हटलं आणि जपानी गाडी, दोन मोर, हेल्मेट आणि पदर, सगळं एका दमात वर. डबल स्टँड लावलं, चारी बाजूंनी दोर आवळले. दोन बाया वहिनींना धरून उभ्या राहिल्या. आबासाहेबांना आम्ही होते त्याच आकारात उचललं आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी नेऊन ठेवलं.

टेम्पो बैलगाडीच्या चालीने आष्टीत शिरला. वहिनींच्या माहेरची सगळी गल्ली बाहेर आली. टेम्पोचा मागचा फाळका पाडला. वहिनींचे धाकटे भाऊ धावत आले, वर बहिणीकडे बघितलं आणि पुन्हा आत पळाले. घरातून स्टूल आणून त्यांनी टेम्पोला लावलं, हात वर केला. "ताई, ये. उतर."

वहिनींनी पदर काढला, हेल्मेट काढलं, केस सारखे केले, पुन्हा डोक्यावर पदर घेतला. मग केबिनकडे बोट दाखवून म्हणाल्या,

"आधी ह्यांला उतरव. मला काई घाई न्हाई."